तीन हजारांसाठी नोकरी?

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून छत्तीस वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरात नऊ माणसं. सासू-सासरे, या आणि यांचे पती, दोन मुलं, धाकटा दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी. घराखालीच किराणा दुकान, दोघे भाऊ चालवतात. जाऊबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. साडेनऊला बाहेर पडतात, सहाला परततात. ताई बी.कॉम. आहेत आणि 'घरीच असतात'. म्हणजे दोन्ही वेळचा स्वयंपाक, तिन्ही मुलांचे डबे आणि अभ्यास, अर्धांगवायूचा झटका आलेल्या सासऱ्यांचं खाणंपिणं, औषधं, व्यायाम (आंघोळ मुलगा घालतो), दुपारी साडेबारा ते चार दुकानाचा गल्ला आणि रात्री उधारीची वही व जीएसटीची बिलं. पूर्वी हिशेबाला दिवाणजी होते, महिना नऊ हजार घेत. २०१९ मध्ये त्यांनी सोडलं, तेव्हापासून वही ताईंकडे.

आता गावाबाहेरच्या एका कंपनीत हिशेब विभागात चौदा हजारांची नोकरी चालून आली आहे, १ जूनपासून. घरच्यांनी हिशेब मांडला: पोळ्यांच्या बाईला साडेतीन हजार, सासऱ्यांजवळ बसायला माणूस सहा हजार, रिक्षा दीड हजार. उरले तीन हजार. सासूबाई विचारतात, "तीन हजारासाठी घर मोडायचं व्हय?" पती म्हणतात, "माझी काही हरकत नाही. तुझं तू बघ, जमत असलं तर." जाऊबाई काहीच बोलत नाहीत. ताईंचा प्रश्न असा: 'मी पहाटे साडेचारला उठून सगळं उरकून जाईन, कुणाला काही कमी पडू देणार नाही. हे घरच्यांना कसं पटवू?'

ताई, नमस्कार.

पटवू नका.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे. कारण मला धास्ती वाटते ती घरचे 'हो' म्हणण्याची. उद्या सासूबाई म्हणाल्या, "बरं, उठ साडेचारला, जा," की पुढची बावीस वर्षं ते साडेचार तुमच्या नावावर चढले. मग एखाद्या दिवशी साडेपाचला जाग आली तरी ती तुमची चूक ठरेल. मी बँकेत एकतीस वर्षं काउंटरच्या आत बसले. आमच्या शाखेत एक मैत्रीण होती, चारला उठून दोन भाज्या, वरण-भात, पोळ्या, सगळं झाकून यायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी टेबलावर डोकं टेकायची. तिच्या निवृत्तीच्या समारंभात तिच्या यजमानांनी कौतुकानं सांगितलं की आमच्या घरी चहाची पूड कुठल्या डब्यात असते हे आजही मला माहीत नाही. सगळे हसले. ती हसली की नाही, ते मी तेव्हा पाहिलं नाही.

आता हिशेब. तुम्ही स्वतः आख्ख्या दुकानाचं जमा-खर्च सांभाळता, तरी घरच्यांनी मांडलेलं हे पान तुम्ही न तपासता पत्रात उतरवलंत, याचं मला नवल वाटलं. आणि नाहीही वाटलं, कारण आपल्याकडे नव्वद टक्के घरांत हे पान असंच लिहिलं जातं. (हे नव्वद माझ्या अंदाजाचे, कुठल्या पाहणीतले नव्हेत.) पोळ्या किती जण खातात? नऊ. मग बाईचे साडेतीन हजार एकट्या तुमच्या पगारातून का वजा व्हावेत? सासरे कुणाचे वडील आहेत? दोन मुलगे आहेत त्यांना, तुमचे पती आणि दीर. त्यांच्याजवळ बसायच्या माणसाचे सहा हजार त्या दोघांच्या उत्पन्नातून जायला हवेत, दुकानाच्या गल्ल्यातून. तुमच्या नोकरीमुळे खरोखर तुमच्यावर पडणारा खर्च म्हणजे रिक्षाचे दीड हजार. घरखर्चात तुमचा वाटा तुम्ही जरूर द्या, पण तो वाटा असावा, सगळं बिल नको.

आणि पानाची दुसरी बाजू तर कोणी लिहिलीच नाही. दिवाणजी गेल्यापासून दरमहा नऊ हजार वाचत आले आहेत. ते कुठे जमा झाले? दुपारी साडेतीन तास गल्ल्यावर कोणी पोरगा ठेवला असता तर त्याला काय द्यावं लागलं असतं, हे तुमच्या पतींना तोंडपाठ असेल. तुम्ही 'घरीच' नाही आहात, ताई. तुम्ही आधीच दुकानात नोकरीला आहात, फक्त पगार सुरू व्हायचा राहिला आहे. गंमत म्हणजे सरकारी मोजणीत तुम्ही गृहिणी नाहीतच. केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीत तुमच्यासारख्या बायकांसाठी 'घरच्या धंद्यातील मदतनीस' असा वेगळा रकाना आहे, बिनपगारी. २०२३-२४ च्या पाहणीत काम करणाऱ्या म्हणून मोजलेल्या बायकांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक या एकाच रकान्यात होत्या. बायकांचा कामातला सहभाग वाढला म्हणून वर्तमानपत्रात बातमी येते, त्या वाढीत तुमचा गल्ला आणि तुमची वहीसुद्धा आहे.

घरकामाचंही तेच. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. पुरुषांच्या ८८ मध्ये घरकामाला हातच न लावणारे धरलेले नाहीत, हे लक्षात घ्या. ज्यांनी काही केलं त्यांचीच ती सरासरी. न्यायालयांनी या कामाची किंमत केली आहे, पण कधी, तर बाई गेल्यावर. १९८९ मध्ये जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक माणसं गेली. त्या खटल्यात, २००१ साली, सर्वोच्च न्यायालयाने चौतीस ते एकोणसाठ वयाच्या गृहिणींच्या घरातल्या सेवेचं मोल महिना तीन हजार रुपये धरलं. पुढे जानेवारी २०२१ च्या एका अपघात-भरपाईच्या निकालात त्याच न्यायालयाने त्याआधीच्या वेळ-वापर पाहणीचे आकडे पुढे ठेवून सांगितलं की गृहिणी काम करत नाही किंवा घराच्या कमाईत भर घालत नाही ही समजूतच चुकीची आहे. सासूबाईंचे तीन हजार आणि निकालातले तीन हजार जुळले, हा योगायोग. पण निकालपत्राची वाट बघत बसू नये, एवढं त्यातून घ्या.

हे सगळं जेवताना पाटावरून सुनावायचं नाही बरं का. सुनावून काही होत नाही, असं माझा अनुभव सांगतो आणि अभ्यासकही. कर्नाटकातल्या गावांत बालवाडी शिक्षिकांच्या घरच्यांना बायकांच्या नोकरीचं महत्त्व सांगणारी चित्रफीत दाखवून, त्यांच्याशी बोलून बघितलं गेलं. शिक्षिका नोकरीत टिकून राहण्यावर त्याचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. घरातलं काम कोणी उचलायचं हे जागेवरच राहिलं तर भाषणानं काय होणार?

म्हणून आता जाऊबाईंकडे येऊ. तुमच्या पत्रात त्यांच्यावर दोनच ओळी आहेत आणि दोन्हींत थोडी धार आहे. 'ती पगार आणते म्हणून तिला सगळं माफ.' 'वरच्या मजल्याचं कर्जही तिच्याच नावावर, म्हणजे मजलाही तिचाच.' मी हे वाचून थोडी थांबले, कारण तुमच्या घरात त्या जिथे आहेत तिथे माझ्या घरात मी होते. मी बँकेत लागले तेव्हा माझ्या दोन्ही मुलांना सासूबाईंनी वाढवलं. मी घरी आले की चहाचा कप हातात मिळे. माझ्या पगाराला सगळे 'हिची कमाई' म्हणत, मीही म्हणत होते. त्या कमाईतला किती भाग सासूबाईंच्या हातांवर उभा होता, हा विचार मनात यायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि तोवर त्या नव्हत्या. लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. तर जाऊबाई गप्प आहेत त्या दुष्टपणानं असतील असं मला वाटत नाही. त्या घाबरल्या असतील. तुम्ही बाहेर पडलात की त्यांच्या मुलीचा डबा, अभ्यास, संध्याकाळचं खाणं हे सगळं साडेनऊच्या आधी आणि सहाच्या नंतर त्यांच्याच अंगावर येणार, दिरांच्या नाही, हे त्यांना तुमच्याइतकंच कळतं. शिवाय पगार आणूनसुद्धा त्या घरात त्यांचा शब्द किती चालतो, हेही एकदा बघा. कर्ज त्यांच्या नावावर आहे ते त्यांच्याकडे पगाराची पावती आहे म्हणून. मजल्याची नोंद कुणाच्या नावावर आहे, तुम्ही पाहिली आहे का? त्यांनी तरी पाहिली असेल का?

म्हणून पहिलं बोलणं त्यांच्याशी. स्वयंपाकघरात नको, सासूबाई ऐकत असताना तर नकोच. रविवारी बाजाराला दोघी जा, किंवा शाळेच्या रस्त्यावर चालत जा. 'तू मला किती राबवलंस' इथून सुरुवात केलीत तर बोलणं तिथेच संपेल. 'मी गेले तर तुला नेमकं काय अडेल?' असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. तुम्ही थोरल्या आहात, तुम्हीच विचारलंत तर त्या बोलतील. दोघींनी मिळून मागणी केली की पोळ्यांना बाई हवी, तर ती घराची गरज ठरते. एकटीनं केली की थोरलीचं खूळ ठरतं.

पतींचं 'तुझं तू बघ' तुम्ही पत्रात पाठिंबा म्हणून लिहिलं आहे. मी तसं धरणार नाही. विरोधही म्हणणार नाही. माणूस वाईट दिसत नाही, वडिलांना रोज आंघोळ घालतो आणि असे मुलगे मी फार पाहिलेले नाहीत. पण 'जमत असलं तर' यात जमवायचं कुणी, हे ठरलेलं आहे. त्यांना हरकत आहे का हे विचारूच नका, वेळ विचारा. सकाळी साडेसहा ते आठ दुकान बंद असतं. त्या दीड तासात सासऱ्यांचा व्यायाम आणि नाश्ता कोण करणार, ते की दीर, कुठल्या वारी कोण? दुपारी साडेबारा ते चार गल्ल्यावर दोघांपैकी एक बसेल की पोरगा ठेवायचा? (दोघांची दुपारची झोप एकदमच लागते, असं तुम्ही लिहिलंय. ती आळीपाळीनं लागू शकते.) उधारीची वही पुन्हा दिवाणजींसारख्या कोणाला देणार की तुम्ही रविवारी दोन तास बसून लिहिणार, आणि लिहिणार तर कितीला? 'मदत करा' म्हटलं की माणूस हो म्हणतो आणि विसरतो. 'मंगळवार, गुरुवार, शनिवार' म्हटलं की तो विचार करतो.

बोलण्याआधी आठ दिवस एक काम करा. दुधाचा हिशेब आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो, तसंच रोज रात्री घरातल्या प्रत्येकानं काय केलं आणि किती वेळ, ते लिहा. फक्त तुमचं नको, सगळ्यांचं. सासूबाईंचंही. त्या नातवंडांना सांभाळतात, भाजी निवडतात, गुडघे धरून देवपूजा करतात, ते त्यांच्या खात्यावर लिहिलं गेलं पाहिजे. त्यांचं लिहिलेलं बघून त्या तुमच्या बाजूला येतील असा शब्द मी देत नाही. पण 'हिला काय काम असतं' या वाक्याचा जोर ते पान समोर असताना राहत नाही.

आता चौदा हजारांबद्दल थोडं, कारण घरच्यांनी चौदा म्हणजे चौदाच धरले आहेत. कंपनीत साठ-पासष्ट माणसं आहेत असं तुम्ही लिहिता. तेव्हा भविष्य निर्वाह निधी लागू असणार: मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर बारा टक्के तुमचे कापले जातील आणि तेवढेच कंपनी भरेल. कंपनीच्या भागातला काही हिस्सा पेन्शनच्या खात्यात जातो आणि दहा वर्षं भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनचा हक्क लागतो. ती थोडीच असते, पण तुमच्या नावाची असते. एकवीस हजारांच्या आत पगार असल्यामुळे कर्मचारी राज्य विमाही विचारा. लागू असेल तर तुमच्याबरोबर पती आणि मुलांच्या उपचारांची सोय होते. नेमणुकीच्या पत्रात हे लिहून घ्या, तोंडी नको. घरच्या हिशेबात यातली एकही ओळ नव्हती.

पगार तुमच्या एकटीच्या खात्यात यावा. घरात जनधनचं किंवा जुनं संयुक्त खातं असेल, ते राहू द्या, पण हे नवं उघडा, आणि एटीएम कार्ड तुमच्याच पर्समध्ये राहू द्या. रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी मध्य प्रदेशात रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांबरोबर एक प्रयोग केला. मजुरी घरातल्या पुरुषाच्या खात्याऐवजी बाईच्या स्वतःच्या खात्यात थेट जमा होऊ लागली आणि ते खातं वापरायचं कसं हेही तिला शिकवलं, तेव्हा त्या बायका जास्त काम करू लागल्या, योजनेवर आणि योजनेबाहेरही. पैसा कुठे उतरतो यावर कामाला जाणं ठरतं. काउंटरच्या आत बसून मी हे फार पाहिलंय. नवऱ्यानं पासबुक पुढे करून 'हिची सही घ्या' म्हणायचं आणि बाईनं रक्कम न वाचता सही करायची. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे हिंदू बाईनं स्वतःच्या कसबानं किंवा कष्टानं मिळवलेल्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी असते. १९५६ पासून. घरात कलम काढून दाखवायची वेळ येऊ नये, पण माहीत असावं.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. तापाचा दिवस. नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात कुठलं तरी मूल तापेल आणि सगळ्यांची मान तुमच्याकडे वळेल. नवी नोकरी, रजा नाही. जाऊबाईंना रजा आहेत, दुकान तर घरचंच आहे. पहिल्या तापाला कोण थांबणार, दुसऱ्याला कोण, हे आजच बोला. सहा महिन्यांनी पुन्हा बसून बघू असंही म्हणा, पण काय बिघडलं तर 'जमलं नाही' म्हणायचं हेही तेव्हाच ठरवा. नाहीतर एक दिवस आमटी खारट झाली की निकाल लागतो.

तुम्हाला नोकरी करायचीच नसेल तर? पत्रात एके ठिकाणी तुम्ही लिहिलंय, 'मला वही लिहायला आवडतं, दुकानही आवडतं.' ते वाक्य मी दोनदा वाचलं. मग दुसरा रस्ता आहे आणि तो कमीपणाचा नाही. दुकानातच राहा, पण पगारावर. दिवाणजींचे नऊ आणि गल्ल्याचे वेगळे, दर महिन्याला तुमच्या खात्यात, किंवा दुकानात भागीदार म्हणून नाव. कुठलं कागदोपत्री आणि कराच्या दृष्टीनं सोयीचं, ते दुकानाच्या सीएंना विचारा. कंपनीचं पत्र हातात असताना ही मागणी करण्यात मजा आहे, नंतर नाही. आपल्याकडे असं पूर्वीही झालंय. मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना जेवू घालत, रोजचाच स्वयंपाक, फक्त मोठ्या पातेल्यात. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. जे काम चुलीपुढे 'बायकांचं' होतं, त्याला बँकेच्या फॉर्मवर 'व्यवसाय' म्हणून जागा मिळाली.

घरून करायच्या कामाबद्दलही तुम्ही विचारलंय, कोणाच्या तरी मैत्रिणीला संगणकावर मिळालंय म्हणून. मुंबईतल्या एका प्रयोगात विवाहित बायकांना एकच काम घरून करा किंवा जवळच्या, फक्त बायकांच्या, मुलांना आणता येईल अशा कार्यालयात येऊन करा, असं वेगवेगळ्या गटांना सांगितलं गेलं. घरून असेल तर ते घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं. म्हणजे ज्यांना उंबरठाच ओलांडता येत नाही त्यांच्यासाठी तो मार्ग खरा आहे. तुमच्या घरात मात्र मी तो सुचवणार नाही. खाली दुकान, वर सासरे, शेजारच्या खोलीत तीन मुलं, तुम्ही संगणकापुढे बसलात की दहा मिनिटांत कोणीतरी म्हणेल, "बसलीच आहेस तर जरा..."

हे वाचणाऱ्या बाकीच्या जणींसाठी दोन शब्द. वरचं सगळं अशा घराला लागू आहे जिथे माणसं कुरकुरतात पण ऐकून घेतात. नोकरीचं नाव काढल्यावर जिथे हात उगारला जातो तिथे कॅलेंडर आणि आळीपाळी कामाची नाही. तिथे आधी माहेर, मैत्रीण किंवा १८१ ही महिला हेल्पलाइन, नोकरीचं बोलणं नंतर.

ताई, शेवटची एक सोय सांगते. कंपनीला विचारा, १ जूनऐवजी मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हजर होता येईल का. जाऊबाईंना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते, मुलांचे डबे नसतात, आणि पोळ्यांच्या नव्या बाईला पीठ कुठे, तवा कुठे हे दाखवायला कोणीतरी घरात असतं. जूनच्या मध्यावर शाळा उघडेपर्यंत सासऱ्यांजवळचा माणूस रुळलेला असेल आणि गल्ल्यावरची दुपार कुणाची, हे दोघा भावांचं एकदा भांडून झालेलं असेल. गजर मात्र साडेपाचलाच लावा, आत्ता लावता तेवढाच.